बॅनिश्ड कोण खेळतं का? सुगीच्या टायमाला माझे शेतकरी गायब होतात

पौडफाट्याचा_पाटील

नमस्कार मंडळी. बॅनिश्ड हा गेम इथं कोणी खेळतं का माहीत नाही, २०१४ चा आहे, एकट्या डेव्हलपरनं बनवलेला, माझ्या लॅपटॉपवर नवीन काही चालत नाही त्यामुळं शनिवार-रविवार हेच. लढाई नाही, पैसा नाही, हद्दपार झालेली थोडीशी कुटुंबं घ्यायची आणि हिवाळ्यात मरू न देता त्यांचं गाव वसवायचं, बस.

तर गाव आता शंभरीला टेकलंय. शेतं सगळी १५ बाय १५, म्हणजे गेम देतो ती सगळ्यात मोठी साइज, आणि प्रत्येकावर गेम घेईल तेवढे शेतकरी लावलेत. पेरणी वेळेवर होते, उन्हाळ्यात बघायला एकदम झकास, आणि शरद लागून कापणी सुरू झाली की हे लोक जातात कुठं तेच कळत नाही, शेतात एखादाच गडी वाकलेला दिसतो, बाकीचे आपले रस्त्यानं हातात काहीतरी घेऊन नाहीतर काहीच न घेता चाललेत, मग थंडी पडते आणि उरलेलं पीक उभ्या उभ्या जातं. अजून शेतं काढावीत तर माणसं सरपण फोडणाऱ्यांतून काढायला लागतात, मग उपाशी नाही पण गारठून मरतात. एवढंच सांगा, शंभर माणसांत शेतकरी किती ठेवायचे? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

नकाशाचा फोटो टाकलाय.

सव्वासातची_डेक्कनक्वीन

आकडा नका विचारू. एका शेतकऱ्यावर क्लिक करा आणि गेमचा स्पीड कमी करून त्याच्यामागं फिरा, एक अख्खा शरद. कंटाळा येईल पण उत्तर तिथंच आहे.

तो सकाळी घरातून निघतो (या गेममध्ये सकाळ-संध्याकाळ नसते, पण समजा), शेतात पोचतो, थोडं कापतो. कापलेलं तसंच पडून राहतं, ते उचलून कोठारात न्यायला लागतं, ते काम शेतकरी आणि मोकळे मजूर दोघं करतात. मधेच त्याला भूक लागते, घरी जातो. थंडी वाजते, घरी जातो. अवजार झिजलं की नवीन आणायला कोठारात जातो. तुमच्या नकाशात घरं सगळी डावीकडं नदीकाठाला, कोठारं घरांच्या मधोमध, आणि शेतं पार उजवीकडं जंगल तोडून काढलेल्या जागेत. म्हणजे माणूस दिवसभर चालतोच आहे. तुम्ही शेतकरी नाही ठेवलेले, वारकरी ठेवलेत.

रिकामटेकडा_औंध

वारकरी 😂😂 मेलो

एक्सेलकाका_हिंजवडी

डेक्कनक्वीन ताईंचं अंतराचं बरोबर, पण मुळात एवढी शेती हवीच कशाला हा माझा प्रश्न आहे. हिशोब करू. एक माणूस वर्षाला साधारण १०० अन्न खातो. शंभर माणसं म्हणजे १०,०००. शेतावर क्लिक केलं की गेल्या वर्षी किती निघालं ते दिसतं, ते आकडे एका कागदावर लिहा, त्या शेतावर राबणाऱ्या माणसांच्या संख्येनं भागा. मग हेच कंदमुळं-फळं गोळा करणाऱ्यांच्या झोपडीचं करा, मासेमारीचं करा, शिकाऱ्यांचं करा. जंगल नीट राखलं असेल तर गोळा करणारी चार माणसं शेतावरच्या माणसांपेक्षा सहसा कमी पडत नाहीत, शिवाय ते पहिल्या थंडीत एकदम शून्यावर येत नाहीत. शेतीचा सगळा डाव शरदावर लागलेला असतो.

आणि तब्येतीचं पण आहे. धान्य, भाजी, फळ, मांस-मासे असं चारी प्रकारचं मिळालं तर लोकांचे बदाम (तब्येत दाखवणारी हार्टची चिन्हं) चांगले राहतात. नुसत्या बटाट्यावर ठेवलं तर पोट भरेल, पण तब्येत उतरते.

सव्वासातची_डेक्कनक्वीन

काका, जंगलातल्या झोपडीला केवढा गोल एरिया लागतो ते पण लिहा की कागदावर. तेवढ्या जागेत माझी किती शेतं बसतात! लहान नकाशावर डोंगर जास्त आले की तुमचं जंगल मॉडेल बोंबलतं.

एक्सेलकाका_हिंजवडी

डोंगर नको असतील तर नवीन गाव काढताना जमीन सपाट निवडायची, तो ऑप्शन दिलेलाच आहे.

सव्वासातची_डेक्कनक्वीन

डोंगराशिवाय खेळायचं तर मग एक्सेलच उघडून बसा ना 🙂

घोडनदीकाठचा

मी हा गेम खेळत नाही, पुतण्या हडपसरला असतो त्याच्याकडं बघितलाय, पण पाटलाचा नकाशा बघून राहवलं नाही म्हणून लिहितो, चुकलं तर सोडून द्या.

अरे बाबा तुझं सगळं गाव गावठाणात बसवलंय. शहरातली पोरं गाव काढायला सांगितलं की आधी चौक काढतात, मग मधी देऊळ, मग चारी बाजूंनी घरं, आणि शेती कुठंतरी कडंला, जशी काय सोसायटीची पार्किंग. आमच्या शिरूर साइडला ये आणि बघ, गावठाणात राहतंय कोण, दुकानदार, मास्तर, ज्यांची जमीन गावाला खेटून हाय ती माणसं. बाकी समदी मळ्यात नाहीतर वस्तीवर. चार घरं, एक विहीर, गोठा, कांद्याची चाळ, झालं, एका भावकीची वस्ती. लाईट रात्रीची असती, रात्री पाणी धरायला गावातून कोण येणार, बिबट्याची भीती वेगळीच, त्यामुळं शेतावर राहिल्याशिवाय शेती होतच नाही. सुगीत तर नाहीच. माल काढला का लगेच सावलीला गेला पाहिजे, चाळ लांब असली तर निम्मा दिवस वाहण्यातच जातो, आणि वाहणारा माणूस काढणारा नसतो ना.

तर माझं म्हणणं, दोन शेतांच्या मधी तीन-चार घरं टाक, शेजारी कोठार टाक, विहीर टाक, आग लागली तर कामाला येती. अशा दोन-तीन वस्त्या कर. गावठाण राहू दे लोहाराला आणि व्यापाराला.

आणि एक विचारायचं होतं, हिवाळ्यात हे शेतकरी काय करतात गेममधी?

सव्वासातची_डेक्कनक्वीन

दादा, तुम्ही न खेळता बरोबर सांगितलंत, खेळणारे फोरमवर हेच भांडून भांडून शोधून काढतात.

हिवाळ्यात शेतकरी आपोआप मजूर होतात. झाडं तोडणं, दगड उचलणं, ओझी वाहणं, बांधकामाचं सामान पोचवणं, जे असेल ते. वसंत आला की परत शेतावर. त्यामुळं मोठी तोड-फोड, नवीन जमीन साफ करणं हे सगळं हिवाळ्यासाठी राखून ठेवायचं. पाटील, तुम्ही शरदात काही साफसफाई लावून ठेवली असेल तर तुमचे मोकळे मजूर तिकडं जंगलात असणार आणि शेतातलं पडलेलं धान्य उचलायला कोणी नसणार.

घोडनदीकाठचा

म्हंजे सालगडीच की. पाडव्याला साल धरायचं आणि वर्षभर मालक सांगल ते काम.

पौडफाट्याचा_पाटील

बापरे, एवढे रिप्लाय. काका आणि दादा दोघांना धन्यवाद. वस्तीची आयडिया डोक्यात बसली. पण एक शंका, शेताजवळ घर बांधलं तरी त्यात शेतकरीच राहायला जाईल याची काय गॅरंटी? मला माणूस निवडताच येत नाही, नुसता आकडा प्लस-मायनस करता येतो. मागं खाणीजवळ घरं बांधली त्यात शिंपी येऊन राहिला. शिंपी!

एक्सेलकाका_हिंजवडी

गॅरंटी शून्य. कोण कुठं राहणार, कोण कुठलं काम करणार हे गेम ठरवतो, तुम्ही फक्त किती ते सांगायचं. म्हणून वस्ती करायची तर अशी करा की तिथं राहणाऱ्या कुणालाही जवळ काम असेल. कोठार तर हवंच, कारण घर कुठंही असलं तरी धान्य कोठारातच जाणार. माझ्या मते घरांपेक्षा कोठार आधी. रस्ता पण. मातीचा रस्ता फुकट असतो, त्यावर माणसं भरभर चालतात, दगडाचा अजून भारी पण दगड खातो.

सव्वासातची_डेक्कनक्वीन

काकांशी आज पहिल्यांदा सहमत. कोठार आधी.

पण पाटील, घरांबद्दल एक सांगते, नीट वाचा, कारण दादांचं ऐकून तुम्ही उद्या एकदम तीन वस्त्या टाकाल आणि परवा इथं रडत याल. या गेममध्ये घर मिळालं की जोडपं वेगळं होतं आणि पोरं होतात. एकदम दहा-बारा घरं बांधली की आई-बापाच्या घरातून सगळी तरणी मंडळी एकदम बाहेर पडतात आणि दोन वर्षांत गाव लेकरांनी भरतं, ती लेकरं खातात पण काम करत नाहीत. ते निभावलं तरी पुढं मोठी अडचण आहे, ही सगळी एका वयाची पिढी एकदम म्हातारी होते आणि एकदम जाते. तोपर्यंत घरं भरलेली, म्हणून मधल्या काळात नवीन जोडपी नाहीत, पोरं नाहीत. मग अचानक अर्धी घरं रिकामी आणि शेतावर माणूस नाही. नव्या खेळाडूंची बरीच गावं दुष्काळानं नाही तर अशी बसतात. गेममध्ये एका वर्षात माणसाचं वय पाच वर्षांनी वाढतं, त्यामुळं हे सगळं फार पटकन होतं.

म्हणून वस्ती करा, पण वर्षाला एक-दोन घरं, सतत, थोडी थोडी. घर म्हणजे गावाचा नळ आहे, हळूच सोडायचा.

रिकामटेकडा_औंध

पुणेकरांना नळ हळू सोडायला शिकवू नका, आमच्याकडं आपोआप हळूच येतं

मुळामुठा_संगम

विषय थोडा बाजूला नेतो. तुम्ही लोक मॅनर लॉर्ड्स हा गेम का नाही बघत? एप्रिल २०२४ मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला) आला, तिथं शेतीचं कामकाज फार जवळून दिसतं. एकेक माणूस नाही तर कुटुंबच्या कुटुंब कामाला लावायचं. फार्महाऊसवर आठ कुटुंबांपर्यंत. नांगरट, पेरणी, कापणी, मळणी सगळं त्यांच्याकडंच, मग पवनचक्की, मग भट्टी, तेव्हा कुठं भाकरी. आणि जमिनीला सुपीकता आहे, प्रत्येक पिकाची वेगळी, नकाशावर रंगानं दाखवतात. तीन वर्षांचं चक्र लावता येतं, दोन वर्षं पीक आणि एक वर्ष पड. बॅनिश्डमध्ये जन्मभर एकाच जागी मका लावा, जमीन हूं की चूं करत नाही.

मजुरांचा घोळ मात्र तिथंही तोच. मोठं वावर काढलं की कापणी संपत नाही, सप्टेंबर निघून जातो. मी आता एका मॉर्गनच्या आसपासचीच वावरं काढतो, आणि पीक अर्धवट तयार असताना लवकर कापायचा पर्याय असतो तो वापरतो. पाटील, बॅनिश्डमध्ये पण शेताच्या खिडकीत कापणीचं बटण आहे बघा. थंडी येणार असं वाटलं की आधीच दाबायचं, सगळं जाण्यापेक्षा निम्मं बरं.

घोडनदीकाठचा

मॉर्गन म्हंजे किती एकर ते सांगा, मग बोलू.

पड ठेवायचं आजोबांच्या काळात होतं, आता कुणाला परवडत नाही, आता फेरपालट करायची, हरभऱ्याचा बेवड (मागच्या पिकानं जमिनीत ठेवलेला कस) चांगला असतो त्याच्यावर दुसरं पीक घ्यायचं. आणि नुसत्या बटाट्याचं वर कोण बोललं ते, आमच्या शेजारी आंबेगावात सातगाव पठार हाय तिकडं पावसाळी बटाटा लावतात, समदं पठार बटाटा. एक रोग आला का समद्यांना येतो.

मुळामुठा_संगम

दादा एकराचं नका विचारू, जुनं जर्मन माप आहे, एका सकाळीत बैलानं जेवढं नांगरून होईल तेवढं, म्हणून प्रत्येक इलाख्यात वेगळं होतं.

एक्सेलकाका_हिंजवडी

रोग बॅनिश्डमध्ये पण आहे. पिकाला कीड लागते आणि शेजारच्या त्याच पिकाच्या शेतात पसरते. म्हणून शेजारी शेजारी एकच पीक नको. पाटलांच्या नकाशात मला सगळा कोबी दिसतोय.

पौडफाट्याचा_पाटील

बाकीची बियाणं व्यापारी आणतच नाही हो! तीन होड्या आल्या, तिन्हींत मेंढ्या.

सहकारनगरची_आई

मध्येच विचारते, सॉरी. माझा मुलगा पाचवीत आहे, तो माइनक्राफ्टमध्ये गावकऱ्यांना एकेका खोक्यात बंद करून शेती करवून घेतो. मी विचारलं त्यांना बाहेर का सोडत नाहीस तर म्हणाला आई ते काम करत नाहीत मग. हे नॉर्मल आहे का? आणि आता त्याचा एक शेतकरी पेरणी-कापणी काहीच करत नाही म्हणून घरात रडारड आहे, कोणाला माहीत आहे का कशामुळं?

क्रीपरभाऊ

ताई नॉर्मल आहे, सगळेच करतात 😄

काम करत नाही याची कारणं. एक, त्याच्याजवळ कंपोस्टर आहे का बघा, तो लाकडी डबा. शेतकऱ्याचा धंदा त्याच्यावर ठरतो. दुसऱ्या गावकऱ्यानं तो आधीच धरला असेल तर याला काही उपयोग नाही. दोन, हिरव्या कोटवाला असेल तर सोडून द्या, तो जन्मात काम करत नाही. तीन, मित्रांच्या सर्व्हरवर खेळत असेल तर तिथं मॉब ग्रीफिंग नावाची सेटिंग कोणीतरी बंद केलेली असते, क्रीपरनं (तो स्फोट होणारा राक्षस) घर फोडू नये म्हणून. ती बंद असली की शेतकरी पीक पण काढू शकत नाही. निम्म्या केसेसमध्ये हेच निघतं. आणि पाणी, एका पाण्याच्या चौकोनापासून चारी बाजूंना चार चौकोनांपर्यंत जमीन ओली राहते, म्हणजे ९ बाय ९ च्या शेताला मधोमध एक बादली पुरते.

खोक्याचं लॉजिक असं आहे की शेतकऱ्याच्या खिशात आठ कप्पे असतात. त्याच्याकडं खायचं जास्त झालं की तो समोरच्या गावकऱ्याला फेकून देतो. म्हणून समोर दुसरा उपाशी गावकरी उभा करायचा आणि दोघांच्या मधे हॉपर (पडलेली वस्तू ओढून घेणारं नरसाळं) ठेवायचा, फेकलेले बटाटे-गाजरं वाटेतच हॉपरमध्ये पडतात आणि पेटीत जमा होतात. तो समोरचा बिचारा कायम वाट बघत राहतो.

बाय द वे हे जावा व्हर्जनचं (कॉम्प्युटरवरचं माइनक्राफ्ट) सांगितलं. २० मिनिटांच्या दिवसात त्यांची कामाची वेळ सहा मिनिटंसुद्धा भरत नाही, त्यामुळं तो बघेल तेव्हा शेतकरी सुट्टीवरच असायचा.

रिकामटेकडा_औंध

सहा मिनिटं? १ ते ४ बंद पण असेल मधे

सव्वासातची_डेक्कनक्वीन

रिकामटेकडा, या जोकवर या साइटवर बंदी घालून टाका कोणीतरी.

घोडनदीकाठचा

समोर उपाशी माणूस उभा करायचा आणि त्याच्या तोंडचं मधल्या मधी काढून घ्यायचं. पाचवीतलं पोर हाय म्हणता?

सहकारनगरची_आई

धन्यवाद क्रीपरभाऊ, तेच निघालं, सोसायटीतल्या मोठ्या मुलांनी सर्व्हरवर ती सेटिंग बंद ठेवली होती. आता चालू करा म्हणून हा त्यांच्या मागं लागलाय आणि ते म्हणतात मग क्रीपर आमचा किल्ला उडवेल. मीटिंग होणार आहे म्हणे जिन्यात.

घोडनदी दादा, मी पण त्याला हेच बोलले. त्यानं त्या उपाशी माणसाला नाव ठेवलंय आणि रोज त्याला एक ब्रेड टाकतो असं म्हणाला.

क्रीपरभाऊ

प्रत्येकी तीन ब्रेड आणि जवळ रिकामे बेड असले की लग्न जमतं त्यांचं, सांगून ठेवा 😄 तिकडंपण डेक्कनक्वीन ताईंचा नळ लागू आहे.

पौडफाट्याचा_पाटील

अपडेट. उजवीकडच्या शेतांच्या मधे एक कोठार टाकलं, मातीचा रस्ता काढला, तीन घरं बांधली, सलग नाही, थांबून थांबून. शरदात जंगलतोड पूर्ण बंद. मधली एक मोठी जमीन मोडून तिची दोन छोटी शेतं केली. फरक चांगलाच आहे, कोबी सगळा निघाला, फक्त नदीपलीकडचं शेत राहिलं त्यातलं थोडं गेलं, तिथं पूल एकच आहे. शिंपी अजून खाणीपाशीच राहतो. आणि हो, एका होडीत बियाणं आलं, भोपळा.

आता एक शेवटचं. माणसं थोडी मोकळी झालीत तर शाळा बांधू का? शिकलेले लोक जास्त उत्पादन काढतात असं वाचलं.

एक्सेलकाका_हिंजवडी

बांधा. काढतात. अवजारं कमी पडू देऊ नका म्हणजे झालं, हातात अवजार नसलं की शिकलेला असो नाहीतर नसो, उत्पादन घटतंच.

सव्वासातची_डेक्कनक्वीन

बांधा, पण एक धान्याचं वर्ष हाताशी ठेवून. शाळा नसेल तर पोरं दहाव्या वर्षी कामाला लागतात, शाळा असली की सोळाच्या पुढंमागं. म्हणजे शाळा उघडल्यावर पहिलं वर्ष-सव्वा वर्ष तुम्हाला एकही नवीन मजूर मिळणार नाही आणि त्या शरदाला परत माणसं कमी पडतील. तोवर नदीपलीकडचं शेत पडीक ठेवा किंवा तिथं फळझाडं लावा. आणि शाळा गावठाणात नको, वस्तीच्या बाजूला, पोरं पण चालतच जातात.

घोडनदीकाठचा

पूल दुसरा बांध रे आधी.